गजरीच्या पोराची सव्वा मूठ

माझ्या बहिणीबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर निम्मं खोटं लिहिलं असतं, म्हणून मीच बसलो. मी पितांबर, गजराबाईचा मोठा भाऊ. चौथी पास. आमच्या गावात त्या वेळी चौथी पास झालेले आम्ही तिघं, आणि बाकीच्या दोघांना काही वाचायचं असलं की ते माझ्याचकडे यायचे. पुढे मी खांडबाऱ्याच्या स्टेशनावर पॉइंटमन झालो. येणारी गाडी कोणत्या रुळावर घ्यायची तो सांधा माझ्या हातात. सुरतेहून साहेब येवो नाहीतर भुसावळहून मालगाडी येवो, पितांबरनं दांडा ओढल्याशिवाय कुणाचं चाक पुढं सरकलं नाही. हे मिरवायला सांगत नाही. आमच्या घराण्यात कुणापुढं वाकायची चाल नाही, एवढं कळावं म्हणून सांगतो. गजरी त्याच घराण्यातली.

आमचं गाव तापीच्या काठी, प्रकाशाजवळ. गजरीचा नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला तेव्हा ती विशी ओलांडलेली होती. सासरच्यांनी तिला परत पाठवली. आईबाप आधीच गेलेले, म्हणून ती गावात काकाच्या घरी राहिली. दिसायला माझ्यावर गेलेली, म्हणजे चारचौघीत उठून दिसणारी. निंदणीला बसली की बाकीच्या बाया मागं पडायच्या, आणि जीभ अशी की गावातले रिकामटेकडे तिला पाहिलं की पाराची दुसरी बाजू धरायचे.

आमच्या गावात चैत्रात सोंगं निघायची. गणपती, रावण, नरसिंह, आणि सगळ्यांच्या शेवटी लाकडी हत्तीवर बसून इंद्र. हे इंद्राचं सोंग एकाच घराचं. गावातलं सगळ्यात मोठं घर, तिथली मालकीण धनुबाई, आणि तिचा एकुलता एक मुलगा रतिलाल. गोरा, उंच, खांद्यापर्यंत केस. डोक्यावर कागदी मुकुट, हातात पत्र्याचं वज्र. आणि चाल अशी होती की एकदा तोंडाला रंग लागला की तो तापीत धुऊन टाकेपर्यंत त्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. म्हाताऱ्या बाया सुद्धा त्याच्या पाया पडायच्या. मी कधी पडलो नाही.

मुकुटाचे मणी ओवायचं काम त्या वर्षी गजरीकडे होतं. रतिलाल मुकुट बघायला यायला लागला. मग मुकुट नसताना पण यायला लागला. "तुन्हासंगे पाट लावसू," असं त्यानं तिला वचन दिलं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात वावगं काही नव्हतं. सोंगाच्या दिवसांत तो इंद्राच्या कपड्यातच तिच्याकडे आला. पावसाळ्यात गजरीला कळलं की दिवस गेलेत, आणि त्याच महिन्यात रतिलालची सोयरीक शहाद्याकडच्या एका मोठ्या घरात ठरली.

मला सांगावा आला तसा मी गाडी धरून गावी गेलो आणि चावडीवर पंच बसवले. रतिलाल खाली मान घालून उभा होता. बोलली ती धनुबाई.

"पितांबर, तुन्ही बहीणले इचार, तो कोनता रूपमा ऊना व्हता."

गजरी म्हणाली, "मुकुट घालीसन ऊना व्हता. पन पाय त्यानाच व्हतात, अन् वचन बी त्यानंच."

"मंग झालं," धनुबाई पंचांकडे वळली. "सोंग अंगवर शे तवलगुन तो रतिलाल नही, तो इंद्र. इंद्रवर काय दावा मांडतस?"

पंच हसले. त्यांतला एक सुकी दाढी खाजवत मला म्हणाला, "भो, तुमनं नशीब मोठं शे. देवनं पोर उनं तुमना घर. आरती कर!"

चावडी खदखदून हसली. ते हसू मी विसरलो नाही. धनुबाईनं एवढ्यावर सोडलं नाही. तिनं तिथंच सांगितलं की या गावात गजरीचं बाळंतपण कुणाच्या छपराखाली होता कामा नये, ज्यानं जागा दिली त्याला आपल्या विहिरीचं पाणी बंद. त्या वेळी गोड पाण्याची विहीर तिचीच. काकानं दुसऱ्याच दिवशी गजरीचं गाठोडं ओट्यावर ठेवलं.

मी तेव्हाच तिला घेऊन जातो म्हणालो, पण तिला वाटत होतं की तो येईल. शेजारच्या गावात एका म्हातारीच्या गोठ्यात तिनं महिने काढले. धनुबाईचा माणूस तिथं पण गेला. तेव्हा मी बैलगाडी घेऊन गेलो. दिवस भरत आलेले. नंदुरबारला आमची मावशी होती, तिच्या दारात गाडी उभी केली. मावशीचा नवरा धनुबाईची शेती बटाईनं करायचा. मावशीनं आतून कडी लावली आणि खिडकीतून ओरडली, "पुढे जाय रे पोऱ्या, पुढे जाय." पुढे सगळीकडे मिरच्या वाळत पडलेल्या. गजरी खोकत खोकत म्हणाली, "दादा, ह्या जमीनवर मन्हासाठी जागाच नही का?"

मी म्हणालो, "रेल्वेनी शे. रेल्वेनी जमीन कोना बापनी नही."

खांडबाऱ्याला रेल्वेतून उतरताच तिच्या कळा सुरू झाल्या. माझं कॉर्टर यार्डाच्या पलीकडं, तिथपर्यंत ती जाणं शक्य नव्हतं. जवळचं दार स्टेशनमास्तरांचं. मास्तर पारशी, नवसारीकडचे. त्यांची बायको खुर्शेदबाई दारात आली, बघितलं आणि मला ओरडली, "उभो सुं छे? अंदर लाव!" माझा भाचा सुकलाल तिथं जन्मला, पारशिणीच्या पलंगावर, खिडकीबाहेर मालगाडी उभी असताना. ती मालगाडी मी मुद्दाम अडवून धरली होती, आवाज नको म्हणून. असा भाऊ दाखवा दुसरा.

खुर्शेदबाईला मूल नव्हतं. बाळंतीण उठती झाली तरी तिनं गजरीला कामाला म्हणून ठेवून घेतलं. तिच्याजवळ शाळेत असताना बक्षीस मिळालेलं मोठं चित्रांचं पुस्तक होतं, ग्रीस नावाच्या देशातल्या जुन्या देवांचं. दुपारची गाडी गेली की ती पुस्तक उघडायची आणि गुजरातीत गोष्ट सांगायची. गजरी दळता दळता ऐकायची. मी पण दाराशी बसायचो, बिडी प्यायला म्हणून.

पहिलं चित्र होतं त्यांच्या मोठ्या देवाचं. झ्यूस त्याचं नाव. ढगावर बसलेला, हातात वज्र.

"हाऊ ते आमना इंद्र शे," गजरी म्हणाली, आणि तिनं जात्याचा खुंटा सोडला.

खुर्शेदबाईनं मग लेटो नावाच्या बाईची गोष्ट सांगितली. झ्यूसपासून तिला दिवस गेले. झ्यूसची बायको हेरा, तिनं साऱ्या पृथ्वीला हुकूम दिला की जिथं ऊन पडतं अशा कोणत्याही जमिनीनं लेटोला बाळंतपणाला जागा द्यायची नाही. ती बिचारी दारोदार हिंडली. डोंगर नाही म्हणाले, नद्या नाही म्हणाल्या. शेवटी समुद्रात एक बेट होतं, बुडाशी न टेकलेलं, पाण्यावर वाहत फिरणारं. ते धड जमीनच नव्हतं, म्हणून त्याला हुकूम लागू नव्हता. त्यानं तिला घेतलं.

गजरीनं जात्यात मूठभर दाणे टाकले. मग म्हणाली, "म्हंजे तठे बी धनुबाई व्हतीच."

त्या दिवसापासून तिला त्या गोष्टींचं वेड लागलं. एका बाईला झ्यूसनं गाय केली आणि हेरानं तिच्यामागं गोमाशी लावली, ती देशोदेशी पळत सुटली. एकीची अस्वल झाली. एका पोरीला तिच्या बापानं तळघरात कोंडलं, तिथं झ्यूस सोन्याचा पाऊस होऊन शिरला, आणि पोर झालं तेव्हा बापानं मायलेकरांना पेटीत घालून समुद्रात सोडलं. सेमेली नावाची एक होती. तिनं देवाला म्हणलं, सोंग पुरे, तुझ्या खऱ्या रूपात ये. तो आला आणि ती जागच्या जागी जळून राख झाली. खुर्शेदबाई म्हणायची, अशी मागणी करणं ही तिची चूक. गजरी म्हणायची, मागणी बरोबर होती, जळायला दुसरं कुणीतरी पाहिजे होतं.

एक दिवस तिनं विचारलं, "बाई, गाय व्हयनी ती बाई, जळनी ती बाई, पेटीमा गयी ती बी बाईच. अन् झ्यूसले काय व्हयनं?"

"झ्यूसने?" खुर्शेदबाईनं पानं चाळली. "कंई नही."

"एक बी बाईनी त्याले धडा शिकाडा नही?"

"एवी वार्ता नथी, बाई."

गजरी पोराच्या अंगाला तेल चोळत होती. तशीच चोळत राहिली. "मंग ती गोष्ट मी करसू," ती म्हणाली.

ती असं बोलली की मला माझ्या आजोबांचा आवाज ऐकू आला.

आता आमच्या खानदेशातली एक चाल सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. श्रावणात घरोघर कानबाई बसते. तिच्या नैवेद्याला गव्हाचे गोड रोट करतात. पण गहू मापानं नाही घ्यायचे. घरात जेवढे पुरुष, पाळण्यातलं पोरगं सुद्धा, तेवढ्या सव्वा सव्वा मुठी. कर्ता पुरुष एकेकाचं नाव घेतो आणि घरातली मोठी बाई मूठ सुपात टाकते. ज्याच्या नावाची मूठ पडली तो त्या कुळाचा, मग कुणी काही म्हणो. ते रोट फक्त त्या कुळानं खायचे, आणि ज्यानं खाल्ला तो त्या घराला बांधला गेला. परक्याला तुकडा चालत नाही, गायीला नाही, कुत्र्याला नाही. आणि एकदा पडलेली मूठ मागं घेता येत नाही. तो माणूस जिवंत आहे तोवर दरसाल टाकावीच लागते.

सुकलालच्या पहिल्या श्रावणात मी कानबाईपुढं माझं नाव घेतलं, माझ्या पोरांची घेतली, आणि म्हणालो, "सुकलाल."

माझी बायको मीनाबाई सूप घेऊन थांबली. "भाचानी मूठ मामाना घर पडत नही. कानबाई कोपी."

"कोपी ते मन्हावर कोपी. टाक."

तिनं मूठ टाकली, लहानशी. मी तिच्या हातावर माझा हात धरून अजून टाकायला लावली. गजरीला पण रोट दिला. बहीण लग्नानंतर परक्या कुळाची होते, तिला चालत नाही. पण त्या घरात काय चालतं ते मी ठरवायचो. कानबाई कोपली नाही. पुढल्याच वर्षी मला बढती मिळाली.

पोरगं मोठं झालं. आमच्या गावचे लोक खांडबाऱ्याच्या बाजारात यायचे, ते मुद्दाम स्टेशनावर येऊन विचारायचे, "देवना पोऱ्या कोठे शे?" सुकलाल एकदा रडत आला. गजरीनं त्याला समोर उभा केला आणि सांगितलं की त्या देशात जो जो मोठा झाला तो देवाचाच पोऱ्या होता. पेटीत घालून सोडलेल्या त्या पोरानं सापांच्या केसांच्या राक्षसिणीचं मुंडकं उडवलं आणि आईला छळणाऱ्या राजाला ते दाखवून दगड केला. हेराक्लिस नावाच्या एकानं पाळण्यात असताना दोन साप हातानं दाबून मारले. सुकलालनं डोळे पुसले आणि काठी घेऊन साप शोधायला गेला. त्यानं एक मारला पण. धामण होती, पण लांब होती.

इकडं रतिलालच्या घरात काय चाललं होतं ते येणारे जाणारे सांगायचेच. बायकोला पोरं व्हायची आणि जगायची नाहीत. धनुबाईनं नवस केले, देवळं केली. शेवटी एक भगत तिला म्हणाला, "तुमना सुपमा एक मूठ कमी पडी ऱ्हायनी. तुमना रगतना एक गडी मोजाना राही जास." म्हातारीला कोण राहतोय ते सांगायची गरज नव्हती.

एका सकाळी सुरतेच्या गाडीतून धनुबाई उतरली, मागं रतिलाल. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं. सुकलाल तेव्हा मिसरूड फुटायच्या आधीच्या वयाचा. रतिलाल त्याच्याकडे बघतच राहिला, कारण पोरगं अगदी त्याच्यासारखं उंच होतं. ते एक सोडलं तर बाकी सगळं माझ्यावर गेलंय.

धनुबाई फलाटावर उभी राहूनच म्हणाली, "गजरे, पोऱ्या आमना शे. दी टाक."

"तुमना कसा?" गजरी म्हणाली. "तो ते इंद्रना शे. इंद्रले धाडा, मी त्याना हातमा देसू."

मी एवढा हसलो की मास्तर बाहेर आले. म्हातारीचा चेहरा काळाठिक्कर पडला. पण तिला वारस हवा होता. ती फलाटावरच्या बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "काय पाहिजे तुले ते सांग."

गजरीनं रतिलालकडे बघितलं. "ह्यानी यंदा कानबाईपुढे, चारचौघांत, चावडीवर हसनारा सगळा पंच बोलाईसन मन्हा पोऱ्यानी मूठ टाकानी. नाव ह्यानी स्वता लेवानं. इंद्रना म्हणीसन नही. रतिलालना, गजराबाईपासूनना. सोंग काढीसन ये, रतिलाल. खरा रूपमा ये."

रतिलाल आईकडे बघायला लागला. म्हातारी म्हणाली, "घी लेई नाव. अन् मंग पोऱ्या आमनाच घर ऱ्हाई."

"रोट खाईन ते ऱ्हाई," गजरी म्हणाली. "ज्यानं रोट खादा तो त्या घरना. ही ते तुमनीच चाल शे."

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे काय चाललंय. तिनं एवढंच सांगितलं, "दादा, मले त्यानं तोंडतून ऐकानं शे. पुढे पोऱ्याना मनवर." सुकलालनं तिकडचा रोट खाल्ला तर तो गेला, हे तिला माहीत होतं. जन्मभर जपलेलं पोर तिनं डावावर लावलं होतं. मी असतो तर लावलं नसतं, खोटं कशाला बोलू.

श्रावणात आम्ही गेलो. प्रकाशाला देवळाजवळच्या धर्मशाळेत उतरलो. शनिवारी धनुबाईच्या अंगणात मुठी टाकायचा कार्यक्रम. सगळी भाऊबंदकी, सगळे पंच, आणि अंगणाबाहेर सारं गाव. धनुबाई सूप घेऊन बसली. रतिलालनं स्वतःचं नाव घेतलं, चुलत्यांची घेतली, आणि थांबला.

"पुढे," गजरी अंगणाबाहेरून म्हणाली.

"सुकलाल," रतिलाल पुटपुटला.

"कोना?"

"मन्हा."

"तू कोन?"

"रतिलाल," तो म्हणाला. त्याला घाम फुटला होता. "रतिलालना. गजराबाईपासूनना."

धनुबाईनं मूठ टाकली. सगळ्यांनी बघितली. चावडीवर आरती कर म्हणणारा तो सुक्या दाढीचा पंच तिथंच बसला होता, आता दात पडलेला. गजरीनं त्याला विचारलं, "काय आबा, आरती करानी का?" बाहेरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर काढून हसल्या. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. इतक्या वर्षांचं व्याज होतं ते.

पण डाव अजून संपला नव्हता. संध्याकाळी उन्हं कलताना रतिलाल दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, घेऊन धर्मशाळेशी आला. झूल घातलेले पांढरेशुभ्र बैल, शिंगांना पितळी शेंब्या, गळ्यात घुंगरं. त्यानं सुकलालला शेजारी बसवलं आणि कासरा त्याच्या हातात दिला. दमणी तापीकाठानं धुरळा उडवत गेली आणि पोरगं खिदळताना मला लांबवर ऐकू येत होतं. मी माझ्या हातानं त्या दमणीचा कणा मोडला असता. गजरी पायरीवर बसून होती.

सुकलाल परत आला तेव्हा त्याचं तोंड चमकत होतं. "माय, त्यानी मले कासरा धरू दिधा! म्हणे, हाई दमणी तुन्हीच शे आते."

"बठ," गजरी म्हणाली. "एक गोष्ट सांगानी राही गयी व्हती."

तिनं त्याला फेथॉनची गोष्ट सांगितली. तो सूर्यदेवाचा पोरगा. लोक त्याला चिडवायचे, म्हणून तो बापाला विचारायला गेला, मी तुझाच का? बाप म्हणाला, माझाच, काय पाहिजे ते माग. पोरानं मागितलं, एक दिवस तुझा रथ मला हाकू दे. बापानं लगाम हातात दिला. घोड्यांना कळलं की हात मालकाचा नाही. रथ उधळला, धरती जळायला लागली, आणि झ्यूसला वज्र मारून पोराला खाली पाडावं लागलं.

सुकलालनं विचारलं, "बाप काय करे?"

"बाप देखत ऱ्हायना."

"अन् माय?"

"माय त्यानं हाडं शोधत देशभर हिंडनी."

तिनं पुढं काही शिकवलं नाही. मी पण नाही. शिकवायला तोंड उघडलं होतं, पण तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी बिडी पेटवली.

रविवारी कानबाईची आरती झाली. धनुबाईनं सुकलालला पाटावर बसवला आणि त्याच्या नावाचा रोट त्याच्यापुढं ठेवला. जाड, तूप लावलेला. आम्ही दोघं अंगणाच्या बाहेर, कारण परक्यांना रोटाच्या पंक्तीत जागा नाही. गजरीनं माझा दंड धरला होता. नखं रुतली, खुणा कितीतरी दिवस राहिल्या.

सुकलालनं रोट मोडला. अर्धा हातात घेतला. तोंडाजवळ नेला. मग त्यानं आमच्याकडं बघितलं आणि म्हातारीला म्हणाला, "मोठी माय, हाऊ अर्धा मन्ही मायले दी देस."

आता म्हातारीनं फक्त हो म्हणायचं होतं. एक तुकडा अंगणाबाहेर गेला असता तर पोरगं कायमचं घरात आलं असतं. एवढे नवस, एवढे भगत, सगळं फळाला आलं असतं. पण ती जन्मभर विहीर बंद करण्याशिवाय काही शिकलीच नव्हती.

"तिले चालत नही," ती म्हणाली. "ती परघरनी शे."

सुकलालनं अर्धा रोट परत ताटात ठेवला, दुसऱ्या अर्ध्याला जुळवून, जसा होता तसा. "मंग मी बी परघरना," तो म्हणाला. "मन्ही मूठ मामाना घर पडेल शे. तठे माय बी खास."

आणि पाटावरून उठला.

रतिलालनं त्याला हाक मारली, "बेटा!" सुकलाल थांबला नाही. तो सरळ बाहेर आला आणि आईच्या पदराला हात पुसले. गजरीनं तेव्हा डोळे पुसले असतील असं तुम्हाला वाटेल. नाही. ती धनुबाईकडं बघून म्हणाली, "मूठ पडेल शे, बाई. आते दरसाल टाका."

मारलं तर असं मारावं. त्याच्या नावाचा रोट दुसऱ्या कुणाला खाता येईना, गायीला घालता येईना. सोमवारी कानबाई बोळवताना सगळ्या गावादेखत रतिलालला तो तापीत सोडावा लागला. आणि पोरगं जिवंत, धडधाकट, म्हणून पुढल्या वर्षी परत मूठ, परत नाव, परत रोट, परत तापी. ज्या पोराला चावडीवर हसले त्याचंच नाव त्याला दर श्रावणात मोठ्यानं घ्यावं लागलं. चैत्रात तो हत्तीवर बसला तर गर्दीतून कुणीतरी विचारलं, "इंद्रदेवा, तुन्हा पोऱ्या कोठे शे?" त्या वर्षानंतर आमच्या गावात इंद्र निघाला नाही.

आम्ही खांडबाऱ्याला आलो तेव्हा खुर्शेदबाई फलाटावरच उभी होती. गजरीनं तिला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "बाई, तुमना पुस्तकमा हाई गोष्ट लिखी टाका." खुर्शेदबाईनं तिला मिठी मारली, साऱ्या स्टेशनासमोर.

पुढची वर्षं गजरीनं तिथंच काढली. फलाटावरच्या पाणपोईचं काम मी तिला मिळवून दिलं. बाया पाणी प्यायला थांबायच्या आणि ती त्यांना लेटोची गोष्ट सांगायची, गाय झालेल्या बाईची, सोन्याच्या पावसाची. शेवटी आपली सांगायची. पहिल्या सगळ्या गोष्टींत बाया हळहळायच्या आणि शेवटच्या गोष्टीला टाळी द्यायच्या. दर श्रावणात प्रकाशाकडचा कुणी उतरला की ती आधी विचारायची, "मूठ टाकी का?" टाकली म्हणलं की त्याला थंड पाणी द्यायची. धनुबाई मेली तेव्हा पण तिनं हेच विचारलं. सुतकात पण टाकली असं कळलं, तेव्हा ती समाधानानं जेवली.

सुकलाल इंजिनावर फायरमन झाला. माझ्याच शब्दावर. धगधगती भट्टी, फावड्यानं कोळसा, आणि मागं डब्यांची रांग. कोणत्या देवाच्या रथाला एवढी चाकं होती ते मला दाखवा.

परवाचं सांगतो. लढाई चालू आहे, गाड्यांना वेळकाळ राहिला नाही. दुपारी रतिलाल खांडबाऱ्याला उतरला. एकटा, काठी टेकत. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की पोरगं पुढल्या गाडीच्या इंजिनावर आहे. तो पाणपोईशी आला. गजरीनं त्याला ओळखलं, मग तांब्या भरला.

"गजरे," तो म्हणाला, "तुन्हा हातनं पाणी पेसू का मी?"

"पी," ती म्हणाली. "हाई पाणी रेल्वेनं शे. मन्हं व्हतं ते नही दिधं असतं."

तो प्यायला. गाडी आली. इंजिनात सुकलाल, अंगभर काळा, डोळे तेवढे पांढरे. रतिलाल फलाटाच्या टोकापर्यंत गेला आणि हात वर केला. हात वरच राहिला. सुकलाल बाहेर वाकला, पण त्यानं म्हाताऱ्याकडे नाही बघितलं. त्यानं बघितलं माझ्याकडे, माझ्या हातातल्या झेंडीकडे.

मी हिरवी झेंडी दाखवली. लाटसाहेबाच्या स्पेशलला पण मी इतकी जोरात दाखवली नव्हती.